पॉमेरियन मलूल पडलंय, नाक कोरडं आहे, मग ताप आहे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, कुत्रं खात नाही, उलटी झाली, अंग गरम लागतंय, काय देऊ. म्हणून बाकीचे विषय (केस गळणं, फटाके, शेजाऱ्यांची भांडणं वगैरे) पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, आमच्याकडे चार वर्षांची पॉमेरियन आहे, नाव चिंगी, वजन चार किलोच्या आसपास. परवापासून सोफ्याखाली जाऊन बसतेय, हाक मारली की नुसती शेपटी हलवते पण उठत नाही, काल सकाळी पिवळा फेस उलटून टाकला आणि संध्याकाळी परत तेच. नाक कोरडं आहे आणि कान गरम लागतायत. सासूबाई म्हणतात उष्णता झालीय सब्जा घाला, शेजारचे काका म्हणतात ६५०ची तापाची गोळी अर्धी करून द्या, त्यांनी त्यांच्या कुत्र्याला दिलेली काही झालं नाही. ताप आहे का हे घरी कसं बघायचं आणि गोळी देऊ का?

उत्तर : गोळी देऊ नका, आधी हे, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. हिशोबच बघा ना ताई, ६५०ची अर्धी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, चिंगी चार किलोची, म्हणजे किलोमागे ऐंशीच्या वर गेलं. माणसांच्या लहान मुलांना हेच पॅरासिटामॉल डॉक्टर किलोमागे १० ते १५च्या हिशोबाने देतात. कुत्र्यात ते जास्त झालं की लिव्हरवर जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते, हिरड्या चॉकलेटी निळसर दिसायला लागतात, कुत्रं धापा टाकतं. काकांचं कुत्रं बहुतेक तीस किलोचं असणार म्हणून निभावलं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक असलेल्या अंगदुखीच्या गोळ्या तर त्याहून वाईट, पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते, आणि तुमच्या कुत्रीचं पोट आधीच बिघडलेलं आहे.

आता ताप. नाकावरून काही कळत नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, फॅनखाली बसलं तरी कोरडं, म्हातारं झालं की कायमच कोरडं, आणि चांगला १०४ ताप असताना ओलं नाक मी कितीतरी वेळा बघितलंय. कानाचंही तसंच, आणि हात लावून तर कळतच नाही कारण कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं. आपल्याला १०१ म्हणजे ताप, तिला १०१ म्हणजे ठणठणीत. निरोगी कुत्र्याचं टेंपरेचर साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०३च्या वर गेलं की ताप धरायचा, १०४ असेल तर त्याच दिवशी दवाखाना, १०६ म्हणजे रिक्षा करा नाहीतर शेजाऱ्याची गाडी मागा पण लगेच निघा. आणि ९९च्या खाली आलेलं तर कित्येकदा तापापेक्षा जास्त घाबरवणारं असतं, ते लोकांच्या लक्षातच येत नाही, उलट म्हणतात ताप उतरला.

मोजायचं कसं, तर मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, त्यावर मार्करने कुत्र्याचा म्हणून लिहून ठेवा (का ते कळेलच) आणि तो पार्श्वभागातच लावायचा असतो. काखेत लावला तर आकडा कमी येतो आणि खोटा धीर मिळतो. टोकाला व्हॅसलीन नाहीतर खोबरेल तेल, एकाने तिला उभी धरून पोटाखाली हात द्यायचा आणि गळ्याशी जवळ घ्यायचं, दुसऱ्याने शेपूट उचलून हळूच सरळ आत सरकवायचा, एवढ्याशा कुत्र्याला अर्धा ते एक इंच बास, बीप होईपर्यंत हातात धरूनच ठेवायचा. चावायला येत असेल तर नाद सोडा, दवाखान्यात बघतील. आणि पळून आल्या आल्या, उन्हातून आल्यावर किंवा पाहुण्यांवर भुंकून दमल्यावर मोजू नका, अर्धा तास शांत बसू दे.

पण खरं सांगू का, आकडा नॉर्मल आला तरी चिंगीला आजच दाखवा असंच मी म्हणेन. एक उलटी झाली आणि नंतर कुत्रं परत बॉलमागे धावतंय तर मी स्वतः वाट बघते. मोठ्या कुत्र्याला (म्हणजे पिल्लू नसेल तर) एक वेळचं जेवण टाळायचं, पाणी थोडं थोडं, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि उकडलेलं चिकन, त्यात मीठ तिखट कांदा लसूण काही नाही. पण दोन दिवस सोफ्याखाली, वर दोन उलट्या, ही वाट बघायची केस नाही.

अजून एक तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते, तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? झालं नसेल आणि गेल्या दोन महिन्यात पाळी येऊन गेली असेल आणि आता पाणी खूप पितेय, सारखं मागून चाटतेय, तर हा पोटाचा आजारच नसेल, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याला पायोमेट्रा म्हणतात, कधी स्राव बाहेर दिसतो, कधी गर्भाशयाचं तोंड बंद असल्यामुळे काहीच दिसत नाही आणि तेच जास्त धोक्याचं. लोक त्याला अपचन समजून आठवडा घालवतात. डॉक्टरांना पाळीची तारीख आठवणीने सांगा, सोनोग्राफीत समजतं.

सब्ज्याने बरंही होणार नाही आणि वाईटही होणार नाही पण उलटी होणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जबरदस्तीने काहीच ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मिरजेहून लिहितोय. अडीच महिन्याचं स्पिट्झचं पिल्लू आणून आठ दिवस झाले, विकणाऱ्याने एक इंजेक्शन झालंय असं सांगितलं, कार्ड नाही दिलं. काल रात्रीपासून जुलाब, पाण्यासारखे, आज सकाळी लाल झालेत आणि वास असा की खोलीत थांबवत नाही, दूधही ओकून टाकतंय. ओआरएस चालू केलंय. दोन दिवस बघू का?

उत्तर : दोन दिवस नाही, हे वाचलंत की निघा. लहान पिल्लू, रक्ताचे जुलाब, तो विशिष्ट कुजका वास, उलट्या आणि लसीचा पत्ता नाही, ही पार्व्होची लक्षणं आहेत. दुसरंही काही असू शकतं, जंत, आतडं आतड्यात अडकणं, पण ते ठरवायला दवाखानाच लागतो, शीची किट टेस्ट तिथल्या तिथे होते.

पार्व्हो हा १९७८च्या सुमारास जगाला कळलेला व्हायरस, आतड्याचं अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी पाडतो, म्हणजे एकीकडे पाणी वाहून जातं आणि दुसरीकडे जंतूंशी लढायला शिपाईच उरत नाहीत. त्याला मारणारं असं औषध सहसा हाताशी नसतं, आपण करतो ते म्हणजे सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, साखर आणि ऊब, तेवढ्या काळात पिल्लाचं शरीर सावरतं. वेळेवर सलाईन लागलेली बरीच पिल्लं वाचतात, घरी ओआरएसवर ठेवलेली फार कमी, कारण उलटी होत असताना तोंडाने दिलेलं आत राहातच नाही. सुरुवातीला ताप असतो, नंतर टेंपरेचर खाली जातं, अंग गार पडतं. जाताना टॉवेलात गुंडाळून न्या. एवढ्याशा पिल्लाची साखर पटकन उतरते, लुळं पडलं असेल तर बोटाला मध किंवा ग्लुकोज लावून हिरड्यांवर चोळा, घशात ओतू नका. दवाखान्यात शिरायच्या आधी बाहेरूनच सांगा की पार्व्होचा संशय आहे, म्हणजे वेगळं बसवतील.

तुमचे दिवसही जुळतायत. संसर्ग झाल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसात आजार दिसतो आणि तुम्ही आणून आठ झाले, म्हणजे तिथूनच, येताना किंवा आल्या आल्या लागण झालेली असू शकते. एका इंजेक्शनवर विसंबूही नये, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला आडवी येते, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे झाल्यावर, असं करतात. आणि कार्डवर लसीच्या बाटलीचं स्टिकर नसेल तर मी ती लस झालीच नाही असं धरते, विकणाऱ्याला राग येऊ दे.

घर पुसताना फिनेलवर भरवसा ठेवू नका, या व्हायरसला ते पुरत नाही. ब्लीच एक भाग पाणी तीस भाग, आधी घाण काढून मग पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगणातल्या मातीत तो कित्येक महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू इतक्यात आणू नका.

प्रश्न : आमचा डॅशहुंड अधूनमधून गवत खातो आणि ओकतो, पोट बिघडलंय का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. बरीच निरोगी कुत्री गवत खातात. रोज व्हायला लागलं किंवा वजन उतरलं तर दाखवा. फवारणी केलेल्या बांधावरचं मात्र खाऊ देऊ नका.

प्रश्न : तासगाव. घरात बेदाण्याचे बॉक्स असतात, सीझनला तर पायाखाली बेदाणा. आमच्या पगने काल मूठभर खाल्ले असतील, आज एकदा उलटी झाली, उलटीत बेदाणे दिसले. बाकी खेळतोय. एवढ्याने काय होतंय असं घरचे म्हणतात.

उत्तर : होतं. आपल्या भागात हे मोठ्याने सांगायला पाहिजे, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात आणि किती खाल्ले म्हणजे धोका याचा सरळ नियम नाही, एखादं कुत्रं वाटीभर खाऊन हुंदडतं आणि एखादं थोडक्यात जातं. बेदाणा वाळलेला म्हणजे द्राक्षाचाच आटलेला अर्क, त्यामुळे वजनाला वजन जास्त वाईट. द्राक्षातलं टार्टारिक अ‍ॅसिड हे कारण असावं असं २०२१पासून मानलं जातंय, चिंचेतही तेच असतं, तेव्हा चिंचेचा गोळाही उघडा ठेवू नका.

पहिल्या दिवशी उलटी, मग कुत्रं बरं वाटतं, आणि एक ते तीन दिवसात लघवी कमी होते, सुस्ती येते, तोंडाला वास मारतो. तुमचा पग आत्ता खेळतोय हे त्यामुळे फसवं आहे. आजच न्या, रक्तात क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) बघतील, परवा परत बघतील, सलाईन लावतील. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत आला असतात तर इंजेक्शनने उलटी करवून बरंच बाहेर काढता आलं असतं, पुढच्या वेळी (येऊ नये) लगेच फोन करा. घरी मीठ पाजून उलटी करवू नका, मिठाचीच विषबाधा होते.

प्रश्न : कराडजवळ आमचं घर आहे, मागे गोठा आहे, कुत्रं छोटंच आहे, देशी क्रॉस. गेल्या महिन्यात ताप आला, इंजेक्शनने उतरला, दहा दिवसांनी परत आला, आता जेवण अर्धं झालंय आणि काल नाकातून रक्त आलं. गोचीड होते पण काढून टाकलेत.

उत्तर : गोचीड काढले तरी त्यांनी सोडलेलं रक्तातच असतं. परत परत येणारा ताप, भूक कमी आणि नाकातून रक्त म्हणजे पहिला संशय एहरलिकिया या गोचिडातून येणाऱ्या जंतूच्या आजाराचा, ज्याला आपल्याकडे सरसकट टिक फीवर म्हणतात, त्यात प्लेटलेट पडतात. पोटाखालच्या कातडीवर लाल जांभळे ठिपके आहेत का बघा, हिरड्या पांढरट आहेत का बघा. लघवी कॉफीसारखी होत असेल तर बॅबेसिया हा दुसराच जंतू असू शकतो, तोही गोचिडातूनच, आणि त्याला नुसतं डॉक्सिसायक्लिन (एहरलिकियाला देतात ते अँटिबायोटिक) पुरत नाही, म्हणून आधी रक्त तपासा, प्लेटलेटसकट सगळं काउंट आणि स्लाइड. निव्वळ ताप उतरवायचं इंजेक्शन परत घेऊ नका, त्याने फक्त तारीख पुढे जाते. डॉक्सिसायक्लिन दिलं तर साधारण चार आठवडे चालतं, तिसऱ्या दिवशी कुत्रं टुणटुणीत झालं म्हणून बंद करायचं नाही, आणि गोळी जेवणाबरोबर द्यायची, कोरडी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, फटीत, पत्र्याखाली राहतो आणि तिथेच अंडी घालतो, तेव्हा कुत्र्याला औषध आणि भिंतीला काही नाही असं केलं तर उपयोग शून्य. कराडहून तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेजही हायवेवरच पडतं, इथे निदान होत नसेल तर तिथे नेता येईल.

प्रश्न : रविवारी मटणाचं हाडूक दिलेलं, तेव्हापासून आमचा टॉमी तोंड उघडं टाकून बसलाय, लाळ गळतेय, पाणीही गिळत नाही. तोंडात हात घालून बघू का? दीड महिन्यापूर्वी गल्लीतल्या कुत्र्याशी भांडण झालेलं, तेवढंच. (सांगली, गावभाग)

उत्तर : हात घालू नका, अजिबात. हाडूक अडकलेलं असेलही, शिजवलेलं हाड फुटून टाळूत बसतं, पण खाली लोंबलेला जबडा, गिळता न येणं, लाळ आणि दीड महिन्यापूर्वीचं भांडण, हे रेबीजही असू शकतं आणि त्यात दरवेळी कुत्रं चवताळतंच असं नाही, काही नुसती गप्प बसतात. खोलीत बंद करा, मुलांना लांब ठेवा, डॉक्टरांना फोनवर हे सगळं सांगून मगच पुढचं ठरवा, लस झाली असेल तर कार्ड काढून ठेवा. कुणाच्या खरचटलेल्या हाताला, डोळ्याला किंवा तोंडाला लाळ लागली असेल तर हात साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, डोळे-तोंड नुसत्या पाण्याने, आणि कुत्र्याचं काय निघतं याची वाट न बघता आजच सिव्हिलला जाऊन इंजेक्शन सुरू करा.