शब्दशंका : ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’

इंग्रजीतल्या ‘बाय’ या एवढ्याशा शब्दाबद्दल आलेल्या शंका या वेळी एकत्र घेतल्या आहेत. बहुतेकींचं मूळ आपल्या मराठीतच आहे. आपले ‘पर्यंत’, ‘ने’ आणि ‘करून’ हे तिघंही ‘बाय’पेक्षा जास्त कामं करतात, आणि भाषांतर करताना ती सगळी कामं आपण बिचाऱ्या ‘बाय’च्या गळ्यात मारतो.

प्रश्न : मी ‘आय विल वर्क बाय फाइव्ह’ असं लिहिलं, ते ‘टिल फाइव्ह’ असं दुरुस्त होऊन आलं. दोन्हींचा अर्थ ‘पाचपर्यंत’च ना?

मराठीत दोन्हींना ‘पाचपर्यंत’ चालतं, इंग्रजीत दोन वेगळे शब्द लागतात. ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत ये’ ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. थांबणं पाच वाजेपर्यंत सलग चालू राहतं. येणं एकदाच घडतं, पाचच्या आधी केव्हाही. सलग चालणाऱ्या क्रियेला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, मुदतीच्या आत एकदा घडणाऱ्या क्रियेला ‘बाय’.

ओळखायची सोपी खूण अशी : ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घाला. ‘पाचच्या आत ये’ हे मराठी कानाला बरोबर वाटतं, म्हणून ‘कम बाय फाइव्ह’. ‘पाचच्या आत थांब’ खटकतं, म्हणून ‘वेट टिल फाइव्ह’. राहणं, झोपणं, काम करणं, दुकान उघडं असणं यांना ‘टिल’. पोचणं, संपवणं, पाठवणं, पैसे भरणं यांना ‘बाय’.

खरी फजिती नकारात होते. ‘शुक्रवारपर्यंत काम होणार नाही’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघतात. ‘इट वोन्ट बी डन टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारशिवाय होणार नाही, पण शुक्रवारी होईल. ‘इट वोन्ट बी डन बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडला तरी व्हायचं नाही, पुढचं सांगता येत नाही. पहिलं वाक्य आश्वासन देतं, दुसरं हात वर करतं. ग्राहकाला ईमेल लिहिताना हा फरक महागात पडू शकतो.

जाता जाता : ‘टिल’ हे ‘अनटिल’चं आखूड रूप नाही. दोघांत ‘टिल’च जुना आहे. त्यामुळे त्याच्या आधी वरचा स्वल्पविराम देण्याची गरज नाही.

प्रश्न : ‘सबमिट बाय फ्रायडे’ म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की गुरुवारी द्यायचं?

शुक्रवार धरायचा. गुरुवारीच हवं असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ म्हणतात. पण शुक्रवारी केव्हा, कचेरी बंद होईतो की रात्री बारापर्यंत, हे ‘बाय’ सांगत नाही. मुदत तुम्ही देत असाल तर वेळ घाला : ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’. करारासारख्या मजकुरात ‘ऑन ऑर बिफोर’ लिहितात, तेही वाद टाळण्यासाठीच. ‘टिल फ्रायडे’ मात्र संदिग्ध आहे, शुक्रवार आत की बाहेर हे त्यातून कळत नाही. अमेरिकी इंग्रजीत त्यासाठी ‘मंडे थ्रू फ्रायडे’ आहे, त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो.

आणखी एक : ‘दोन दिवसांत देतो’ याला ‘बाय टू डेज’ लिहू नका. मुदतीच्या ‘बाय’पुढे वार, तारीख किंवा घड्याळातली वेळ येते. दिवसांची संख्या असेल तर ‘विदिन टू डेज’.

प्रश्न : ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ याचं ‘वेट अनटिल ही डझन्ट कम’ का चुकतं?

कारण तुमचा ‘नाही’ इंग्रजीत जागा शोधायला गेला. मराठीत ‘येत नाही तोपर्यंत’ हा प्रघात आहे. ‘अनटिल’ला तो नकार लागत नाही. ‘वेट अनटिल ही कम्स’ एवढंच. इथे ‘विल कम’ही नको, गोष्ट पुढची असली तरी.

‘बाय’ला मात्र अख्खं वाक्य जोडता येत नाही. ‘बाय ही कम्स’ होत नाही, मध्ये ‘द टाइम’ लागतं. आणि मग काळ सांभाळावा लागतो. ‘बाय द टाइम वुई रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’ : आम्ही पोचेपर्यंत गाडी सुटली होती. हेच पुढचं असेल तर ‘बाय द टाइम वुई रीच, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. इथेही ‘वुई विल रीच’ नाही.

प्रश्न : ‘चाकूने कापलं’ यात ‘विथ’ आणि ‘मुलाने कापलं’ यात ‘बाय’, असं का? ‘ने’ तर एकच आहे.

तृतीयेचा हा ‘ने’ करणाऱ्यालाही लागतो आणि हत्यारालाही. इंग्रजी त्यांची फारकत करते : कर्मणी वाक्यात करणारा ‘बाय’, हत्यार ‘विथ’. ‘द रोप वॉज कट बाय द बॉय विथ अ नाइफ.’

पण करणारा माणूसच असायला हवा असं नाही. ‘ही वॉज हिट बाय अ ब्रांच’ म्हणजे फांदी आपोआप येऊन लागली. ‘ही वॉज हिट विथ अ ब्रांच’ म्हटलं की ती फांदी कुणाच्या तरी हातात होती, आणि प्रकरण वेगळ्याच वळणावर जातं. ‘पाण्याने भरलेलं’ याला ‘फिल्ड विथ वॉटर’, आणि ‘लाकडाचं बनवलेलं’ याला ‘मेड ऑफ वुड’. दोन्हीकडे ‘बाय’ नको.

‘कडून’चंही असंच. ‘त्याच्याकडून पत्र आलं’ म्हणजे ‘फ्रॉम हिम’. ‘अ लेटर बाय हिम’ म्हणजे त्याने लिहिलेलं पत्र, मग ते तुम्हाला कुणीही दिलेलं असो. आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ याचं ‘अ मिस्टेक वॉज डन बाय मी’ करू नका. मराठीत त्या ‘कडून’मध्ये थोडा संकोच, थोडी नम्रता असते, इंग्रजीत ते अंग चोरल्यासारखं वाटतं. ‘आय मेड अ मिस्टेक’ म्हणून मोकळं व्हावं.

प्रश्न : ‘बाय कार’ बरोबर, मग ‘बाय माय कार’ का नाही?

वाहनाच्या ‘बाय’पुढचं नाम उघडंवाघडं यावं लागतं : ‘बाय कार’, ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. तिथे फक्त प्रकार सांगायचा असतो. कुठली गाडी ते सांगायला लागलात की ‘बाय’ गळतो : ‘इन माय कार’, ‘ऑन द एट थर्टी बस’. पायी जाण्याला ‘ऑन फूट’ म्हणायची रीत आहे.

प्रश्न : ‘-ऊन’ म्हणजे ‘बाय’ आणि क्रियापदाचं ‘-इंग’ रूप, असं शिकवलं होतं. नेहमी चालतं का?

नाही. ‘बटण दाबून दिवा लावला’ यात दाबणं हा उपाय आहे, म्हणून ‘बाय प्रेसिंग द स्विच’. ‘जेवून बाहेर गेला’ यात जेवण हा बाहेर जाण्याचा उपाय नाही, नुसता क्रम आहे, म्हणून ‘आफ्टर ईटिंग’. ‘बाय ईटिंग’ लिहिलं तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. ‘हसून म्हणाला’ तर दोन्हींत बसत नाही, तिथे ‘विथ अ स्माइल’. ‘कसं?’ या प्रश्नाला त्या ‘-ऊन’ने ‘अमुक उपायाने’ असं उत्तर मिळत असेल, तरच ‘बाय’.

प्रश्न : ‘राइझ टू’ आणि ‘राइझ बाय’मध्ये काय फरक?

इथे मराठी कामाला येते. ‘१०ने वाढलं’ म्हणजे ‘रोज बाय टेन’. ४० होते ते ५० झाले. ‘रोज टू टेन’ म्हणजे वाढून १०वर पोचलं. टक्क्यांत मात्र जपा. २० टक्क्यांवरचा दर २५ टक्के झाला, तर तो ‘बाय फाइव्ह पर्सेंट’ वाढलेला नाही. तो ‘बाय फाइव्ह पर्सेंटेज पॉइंट्स’ वाढला. मूळ २०शी ताडून पाहिलं तर वाढ २५ टक्के आहे. बातम्यांत हा घोळ सर्रास दिसतो.

प्रश्न : ३/४ला ‘थ्री बाय फोर’ म्हणावं का?

आपण म्हणतो आणि आपसांत कळतंही. पण बाहेरच्या इंग्रजी भाषकाला ‘थ्री बाय फोर’ ऐकून तीन रुंद, चार लांब असं मोजमाप वाटेल. अपूर्णांकाला ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ म्हणा. भागाकारात ‘डिव्हायडेड बाय’ पूर्ण म्हणायचं, नुसता ‘बाय’ नाही. आणि २४/७ हे ‘ट्वेंटी-फोर सेव्हन’ असंच वाचतात, मध्ये ‘बाय’ नसतो.

प्रश्न : ‘गुडबाय’ आणि ‘बायलॉज’मधला ‘बाय’ हाच का?

दोन्हीकडे नाही. ‘गुडबाय’ हे ‘गॉड बी विथ यू’ अशा जुन्या निरोपाचं झिजलेलं रूप. ‘बायलॉ’मधला ‘बाय’ गाव या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दातून आलेला मानतात. इंग्लंडमधल्या डर्बी आणि व्हिटबी या गावांच्या नावांच्या शेवटी तोच बसलाय. आपला ‘बाय’ सापडतो तो ‘बिकॉज’मध्ये, ‘बाय कॉज’ म्हणजे ‘कारणाने’. इथेही ‘ने’च आला, पाहा.