खापरखवल्या नेमका राहतो कुठे?

प्रश्न : खापरखवल्या म्हणजे मातीखाली राहणारा साप. सापांच्या जुन्या यादीत मेलॅनोफिडियम पंक्टेटम हा काळा खापरखवल्या दक्षिण महाराष्ट्रातही दाखवलेला होता. नव्या यादीत तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. आमच्याकडचा साप गेला कुठे?

उत्तर : साप जागेवरच आहे, नाव बदललं. पंक्टेटमचं वर्णन ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक बेडम यांनी १८७१ मध्ये केलं. पुढे दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले सापही त्याच नावावर जमा होत गेले. २०१६ मध्ये मेलॅनोफिडियम या प्रजातीतल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) सगळ्या जातींचं पुन्हा वर्णन झालं, तेव्हा हे उत्तरेकडचे साप वेगळे ठरले. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ त्यांना मेलॅनोफिडियम खैरेई हे नाव मिळालं. साहजिकच पंक्टेटमचा नकाशा आक्रसला.

पुनर्वर्णनात आधी मूळ नमुना गाठावा लागतो, म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तोच साप. मग खवले मोजायचे, आणि खरी गफलत होते ती इथेच. इतर सापांचे पोटाचे खवले चांगले रुंद पट्ट्यांसारखे असतात, पण खापरखवल्याचे शेजारच्या खवल्यांच्या दुप्पटही रुंद नसतात. हनुवटीखाली नेमका पहिला कोणता, यावर दोन अभ्यासकांचं एकमत होत नाही आणि आकडे दोन-चारने हलतात. म्हणून लांबीपेक्षा रुंदी जास्त असलेला मधल्या ओळीतला पहिला खवला एक धरायचा, आणि मोजण्याची पद्धत लेखात लिहायचीच. पाठीच्या ओळी तीन ठिकाणी मोजतात : डोक्यामागे, मध्यावर आणि गुदद्वाराच्या अलीकडे. नर-मादी वेगळे न करता शेपटीखालचे खवले ताडून पाहिले तर एकाच जातीच्या दोन जाती होतात, कारण नराची शेपूट लांब असते. रंगावर तर मुळीच विसंबू नये. स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला काळा साप तपकिरी पडतो.

प्रश्न : पावसात रस्त्यावर मेलेला खापरखवल्या दिसला, तर काय नोंदवावं?

उत्तर : आधी फोटो : डोकं वरून, बाजूने आणि खालून, पूर्ण पोट, शेपटीचं टोक. शेजारी मोजपट्टी ठेवा. शेपटीचं टोक चिखलाने माखलेलं असतं, ते हलकेच पुसून घ्या, नाहीतर तिथले खवले दिसत नाहीत. अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत, उंची, तारीख आणि भोवतालचं जंगल किंवा शेत लिहा. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या बरण्यांवर नुसतं डोंगररांगेचं नाव असतं, त्यातून साप दरीतला की माथ्यावरचा, हे कधीच उलगडत नाही.

वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नमुना उचलू नका. परवानगी असलेल्यांनी यकृताचा तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये काढावा आणि मगच साप १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालावा. क्रम उलटा झाला की डीएनए खराब होतो. पुढे नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात.

आणि दोन नोंदींमधला डोंगर नकाशावर रंगवून टाकू नका. मधल्या खिंडीपलीकडचा साप दुसरीच जात असू शकतो. उलट, एका पावसाळ्यात दिसला नाही म्हणून तो तिथे नाही, असंही धरू नये. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीखालीच असतो.