साखर-मीठ-पाण्यातलं फिजिकल केमिस्ट्री

प्रश्न : मुलगी केमिस्ट्री घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमएस्सीला ऑरगॅनिक नको म्हणते. फिजिकल घेऊन जीवशास्त्रातलं काम करायचं आहे म्हणे. तिचे सर सांगतात, फिजिकलला नोकऱ्या नाहीत. त्यापेक्षा बीएड करू द्यावं का? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. औषध कंपन्यांच्या जाहिरातींत 'ऑरगॅनिक' आणि 'ॲनालिटिकल' हेच शब्द जास्त दिसतात. फिजिकलवाल्यांना एमएस्सी झाल्याझाल्या नोकरी मिळेलच असं नाही. पण फिजिकल केमिस्ट्री म्हणजे पदार्थांतल्या बदलांमागचा ऊर्जेचा हिशेब, आणि मुलगी जे म्हणते आहे ते तुम्ही घरी कितीदा तरी केलेलं आहे.

जुलाब झालेल्या लेकराला आपण साखर-मीठ घातलेलं पाणी देतो. नुसतं पाणी का नाही? आतड्याच्या पेशी सतत ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर फेकत असतात, म्हणून आत ते कमी असतं. बाहेरचं, म्हणजे मिठातलं, सोडियम आत घुसायला टपलेलंच असतं. घुसताना ते साखरेतल्या ग्लुकोजलाही हाताला धरून त्याच दारातून नेतं आणि मागोमाग पाणी जातं. सोडियम आत येताना किती ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यावर ग्लुकोज किती ओढलं जाईल, हा हिशेब तुमच्या मुलीच्या थर्मोडायनॅमिक्सच्या (उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या) पुस्तकातल्याच समीकरणांनी मांडतात. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजलं. कॉलऱ्याने दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

औषध प्रथिनाला किती घट्ट चिकटतं, उन्हात राहिलेल्या इन्सुलिनच्या गुठळ्या का होतात, हे प्रश्नही याच घरातले. इन्सुलिनसारखी जैविक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात, पण बहुतेकदा पीएचडी झालेली. म्हणजे एमएस्सीनंतर आणखी पाच-सहा वर्षं. या काळात घरून पैसे द्यावे लागतीलच असं नाही. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. तेवढं थांबायची घरची तयारी आहे का, हे मात्र तुम्हीच ठरवायचं.

मुलीला एकच विचारा : गणित कधी सोडलं? बारावीनंतर हात लावला नसेल तर आजपासून कॅल्क्युलस पुन्हा काढायला सांगा. जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या केमिस्ट्रीच्या पेपरातही गणित असतं. जीवशास्त्र मागाहून शिकता येतं. वेंकी रामकृष्णन यांनी तर बडोद्याला फिजिक्समध्ये बीएस्सी आणि अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी केली, मग जीवशास्त्राला पहिल्यापासून सुरुवात केली. २००९ चं नोबेल त्यांना मिळालं ते केमिस्ट्रीचं!

पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर, बेंगळुरूच्या आयआयएससीतलं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट, संशोधनाच्या या तिन्ही ठिकाणी कोणती प्रयोगशाळा काय करते, ते तिला स्वतः वाचू द्या. नाव आवडलं म्हणून बायोटेकला उडी नको, हातातलं फिजिकल केमिस्ट्री सुटेल.

बीएड नंतरही करता येईल. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, ती तारीख चुकवू नका.