मुलांसाठी लिहिणं मोठ्यांसाठी लिहिण्यापेक्षा सोपं असतं का? आणि लिहिणं थांबवल्यावर चुकल्यासारखं वाटतं का?

तुमचा प्रश्न निवृत्त बालसाहित्यिकांना आहे, म्हणून उत्तर देतेय. शब्द कमी लागतात म्हणजे काम सोपं असेल, असं तुम्ही लिहिलंय. शब्द कमी लागतात हे खरंच आहे. माझ्या शेवटच्या चित्रपुस्तकात जेमतेम ३५० शब्द आहेत. ते लिहायला मला चौदा महिने लागले.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण कागदाचा हिशेबच तसा आहे. मोठ्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ पानं छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. असे दोन फर्मे म्हणजे पुस्तक. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, असलीच तर अर्पणपत्रिका वजा करा. गोष्टीला २८च्या आसपास पानं उरतात, म्हणजे ऐकणाऱ्या मुलासमोर तेरा-चौदा वेळा पान उलटलं जाणार. सगळी गोष्ट या तेरा-चौदा जागांवर उभी असते. हे कळायला मला तीन पुस्तकं खर्ची घालावी लागली.

दुसऱ्या पुस्तकात मी डाव्या पानावर लिहिलं होतं, ‘दारामागे कोण असेल बरं?’ आणि दारामागचा वाघ समोरच्याच, उजव्या पानावर होता. मुलांना वाचून दाखवायला बसले, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळी एका सुरात ‘वाघ!’ म्हणून मोकळी. डोळा शब्दांची वाट बघत नाही, तो आधी चित्राकडे जातो. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि वाघ पान उलटल्यावर. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीची आधी डमी करत आले. साधे ८ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानं होतात. त्यावर पेन्सिलीने मजकूर लिहायचा आणि उलटून बघायचं. चित्राच्या जागी नुसते गोल काढले तरी पुरतं. फक्त मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येऊ द्यायचा नाही. बांधणीत नाक-डोळे आत जातात.

शब्दांचं सांगायचं तर, नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी मराठीत लिहिताना जोडाक्षरं टाळायची असतात. ऐकायला सोपं वाटतं. रस्ता नको तर वाट घ्या, पक्षी नको तर पाखरू. पण आपली भाषा वेगळ्याच ठिकाणी अडवते. ‘घोडा’ सरळ आहे, त्याला विभक्ती लागली की ‘घोड्यावर’ होतो. ‘डोळा’ चालतो, ‘डोळ्यात’ चालत नाही. ‘तो’ चालतो, ‘त्याला’ नाही, म्हणून दर वेळी नावच घ्यावं लागतं. आणि गोष्टीत माणसं बोलणार, तर ‘म्हणाला’ हवंच, त्यातही जोडाक्षर! मग ‘विचारलं’, ‘ओरडला’, ‘बोलला’ यांच्यावर भागवायचं. एकदा मी निग्रहाने पुस्तकभर एकही जोडाक्षर येऊ दिलं नाही. पुस्तक शुद्ध झालं आणि लाकडासारखं झालं, कारण तसं कुणी बोलतच नाही. पुढे मी ‘म्हणाला’ आणि ‘त्याला’ बिनधास्त येऊ दिले. दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द मूल आकारावरून ओळखतं, असा माझा अनुभव आहे. न ऐकलेल्या शब्दातलं जोडाक्षर मात्र खरंच अडवतं.

बंधनाचा धाक वाटत असेल तर अमेरिकन बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६० साली आलेलं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ त्यांनी प्रकाशकाशी पैज लावून फक्त ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. वाचताना कुठे शब्द कमी पडल्यासारखे वाटत नाहीत, कारण त्याला ठेका आहे.

माझं सगळ्यात मोठं शिक्षण मात्र साडेचार वर्षांच्या एका मुलीकडून झालं. पावसात हरवलेली भावंडं घरी परत येतात, अशी माझी गोष्ट होती. मी वाचत होते, ‘सगळे घरी पोचले. दार लागलं.’ पान उलटायला गेले तर तिने पानावर तळवा ठेवला. अगदी सपाट, बोटं फाकून. मी हात सोडवायला गेले, तशी तिने दुसराही हात ठेवला. म्हणाली, “कुत्रा.” मी नीट पाहिलं. चित्रकाराने अंगणात पायरीपाशी एक भिजलेलं कुत्रं काढलं होतं. माझ्या मजकुरात कुत्रं कुठेच नव्हतं, छापून हातात आलेल्या पुस्तकातही मला ते दिसलं नव्हतं. ‘सगळे घरी पोचले’ हे वाक्य तिच्या दृष्टीने सरळसरळ खोटं होतं. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही मजकुराचा एक शब्द बदलला नाही. चित्रकाराने शेवटच्या पानावर, पलंगाखाली, ते कुत्रं निजवलं. पुढे ते पुस्तक ऐकणारी मुलं शेवटी वाकून पलंगाखाली बघायची.

म्हणून, लिहायचं असेल तर कुणा एका मुलासाठी लिहा. इंग्रज लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या सशाची गोष्ट १८९३ साली आजारी असलेल्या एका लहान मुलाला लिहिलेलं चित्रमय पत्र होती. पुढे प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा पॉटर यांनी १९०१ साली स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापून घेतल्या. ‘मुलांसाठी’ म्हणून बसलं की हात आपोआप उपदेशाकडे वळतो. समोर एकच मूल असलं, त्याला कशाची भीती वाटते, कशाने खुदकन हसू येतं हे ठाऊक असलं, की तो मोह होत नाही. एका संपादकाने माझ्या गोष्टीला शेवटी तात्पर्य जोडायला लावलं होतं. मी जोडलं, आणि ते पुस्तक वाचून दाखवताना शेवटचं पान मी कायम गाळत आले.

आता दुसरा प्रश्न. मी थांबले, कारण माझ्या गोष्टीतली मुलं तीस वर्षांपूर्वीच्या मुलांसारखी बोलायला लागली होती. शेवटचं हस्तलिखित मोठ्याने वाचताना ते माझ्याच कानाला खटकलं. मुलांच्यात उठबस कमी झाली की संवाद आधी शिळे होतात, बाकीचं मागाहून. ते हस्तलिखित मी प्रकाशकाकडे पाठवलं नाही.

आणि चुकल्यासारखं वाटतं, हो. खूप वाटतं. प्रूफं, पुरस्कार, रॉयल्टीचे हिशेब यांची आठवणही येत नाही. आठवण येते ती चित्रकाराची कच्ची चित्रं हाती पडायची त्या दिवसाची. मी लिहिलेलं असायचं, ‘आजी खूप दमली होती.’ चित्रात आजी एका पायात चप्पल तशीच ठेवून खुर्चीत झोपलेली दिसायची. मग मी लाल पेन घेऊन ते वाक्य खोडायचे. आपलं वाक्य खोडताना झालेला तसा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळाला नाही.

हल्ली आठवड्यातून एकदा मुलांना वाचून दाखवते, दुसऱ्यांची पुस्तकं. पहिले काही महिने पान उलटायच्या आधी माझा हात थबकायचा, इथे काय हवं होतं याचा विचार चालायचा. आता थबकते ती कुणाचा तळवा पानावर आला तरच.