विचारायच्या आधी सांग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. तुझी जुनी शेव्हर्ले शेव्हेल विकायच्या जाहिरातीचे दोन मसुदे. एकात ‘१९६९ शेव्हेल एसएस ३९६’, दुसऱ्यात ‘१९६९ शेव्हेल मालिबू, एसएससारखी बांधलेली’. आणि खाली प्रश्न: “काका, सगळे पार्ट एसएसचेच आहेत, मग एसएस लिहिलं तर ते खोटं होतं का?”

होतं. एसएस म्हणजे शेव्हेलची मोठ्या इंजिनाची, महागडी आवृत्ती; तुझी गाडी मुळात साधी मालिबू. झोप लागेना, म्हणून पहाटे उठून हे लिहायला बसलोय.

कारखान्याने गाडीवर ठोकलेल्या नंबरावरून कुणाला कळणार, असं तू म्हणशील. तेच तर. १९६६ ते ६८ च्या एसएसचा नंबर १३८ ने सुरू व्हायचा. नंबर पाहिला की निकाल. १९६९ ला एसएस हे वेगळं मॉडेल राहिलंच नाही, झेड-२५ नावाचं ऑप्शन पॅकेज झालं. तुझ्या गाडीचा नंबर १३६३७९ ने सुरू होतो. व्ही-८ मालिबू हार्डटॉपचाही तोच, अस्सल एसएस हार्डटॉपचाही तोच. जीएमचीच पाँटियॅक असती तर कारखान्याच्या जुन्या नोंदींची प्रत मागवता आली असती. अमेरिकेत बनलेल्या शेव्हेलला ती सोय नाही. पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगमध्ये बिल्ड शीटचा, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याच्या कारखान्यातल्या यादीचा, कागद सापडला तर सापडला. आपण टाकी उतरवली तेव्हा वर उंदराचं घरटं होतं, आठवतंय ना? मग घेणारा विसंबणार कशावर? तुझ्या शब्दावर. दुसरं त्याच्याकडे काही नाही.

आणि खरं काय ते आपल्या दोघांना पक्कं ठाऊक आहे. इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावरच्या, म्हणजे फायरवॉलवरच्या, पट्टीवर ११सी आहे, म्हणजे नोव्हेंबर १९६८ चा तिसरा आठवडा. इंजिनाच्या ब्लॉकवर ‘सी १२ ९’, म्हणजे १२ मार्च १९६९ ला ओतलेला. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा या इंजिनाचं लोखंड वितळलंसुद्धा नव्हतं. तू घेतलीस तेव्हा तिच्यात मूळचं ३०७ घन इंचांचं इंजिन होतं, जाम झालेलं. एसएससारखा बारा बोल्टांचा मागचा अ‍ॅक्सल ओहायोहून माझ्या ट्रकमधून आणला. ग्रिलवरचा एसएसचा बिल्ला तू दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवलास, त्याचा फोटो मीच काढला. बिल्ला राहू दे, शोभतो. पण जाहिरातीच्या पहिल्या ओळीत, किमतीच्याही आधी, मालिबू लिही. इथले लोक अशा गाडीला क्लोन म्हणतात, ट्रिब्यूट म्हणतात. दोन्ही शब्द चालतील. नुसतं एसएस चालणार नाही.

तुझा मित्र म्हणतो, त्या एका शब्दावर पंधरा-वीस हजार डॉलर बुडतील. जे तुझं कधी नव्हतंच ते बुडेल कसं?

माझ्याकडे १९६८ ची पाँटियॅक जीटीओ होती हे तुला माहीत आहे, हॉलमध्ये फोटो आहे. ती विकली कशी, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही. साल १९९४. माझ्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. सहा हिवाळे गॅरेजमध्ये घालवून मी ती गाडी उभी केली होती. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ चासी कुठे खातं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस: मागच्या अ‍ॅक्सलवर, जिथे ती कमानीसारखी उचलते. शेव्हेल आणि जीटीओ दोघी जीएमच्या एकाच ए-बॉडी सांगाड्याच्या, ११२ इंच व्हीलबेसच्या, दुखणंही एकच. माझ्या गाडीची डावी बाजू स्क्रूड्रायव्हरने टोचली की पापुद्रे सुटायचे. मी वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड केला आणि काळं अंडरकोटिंग मारून टाकलं. बाहेरून बघणाऱ्याला ती चासी नवी वाटली असती.

घेणारा पंचविशीतला मुलगा, वडिलांना घेऊन आला होता. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक आणलं होतं त्याने. दारांवरून, मागच्या पॅनलवरून हळूहळू फिरवत होता, कुठे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय का ते बघत. चुंबक सगळीकडे चिकटलं. बाप-लेक एकमेकांकडे बघून हसले. गाडीखाली तो वाकलाच नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मुठीत चावी धरून. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर पहिली ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, झाली. मी घडीची खुर्ची घेऊन सकाळपासून रस्त्याकडेला बसलो. हिरवी जीटीओ दिसली की उठायचो. माझी आली नाही. दोन महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. चासी तडकली होती. त्याने शिव्या दिल्या नाहीत, पैसे मागितले नाहीत. एवढंच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं का?”

मी म्हणालो, नाही.

त्याचा नंबर माझ्या वहीत होता. पुढे माझ्याकडे पैसेही आले. फोन केला नाही. फीचं कारण मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि ते कारण खरंच होतं. मुलगी शिकली, चांगली शिकली. पण तो ‘नाही’ तिच्या फीत बसत नाही गं.

म्हणून सांगतो, विचारायच्या आधी सांग. त्याने विचारण्याची वाट बघू नकोस, कारण काय विचारायचं हे त्याला माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं. उजव्या मागच्या पॅनलमध्ये चाकाच्या वर तळहाताएवढी लांबी आहे. फ्लोअर पॅन, म्हणजे तळाचे पत्रे, दोन्ही नवे आहेत. पावसात डाव्या दाराखालून पाणी येतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर घासतो. हे सगळं कागदावर उतरव आणि गाडी दाखवायच्या आधी तो कागद त्याच्या हातात दे. बिलावर ‘आहे त्या स्थितीत विकली’ एवढं लिहिलं की भागतं, असं तुला कुणीतरी सांगेलच. लिही ते जरूर. पण जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर ती ओळ कोर्टातही पांघरूण म्हणून पुरत नाही.

जीटीओनंतर मी तीन गाड्या विकल्या, तिन्ही अशा कागदासकट. १९७२ च्या ओल्ड्समोबिल कटलसच्या वेळी कागद वाचून दोघे आल्या पावली परत गेले, तिसऱ्याने तीन हजार डॉलर कमी दिले. तुझी काकू म्हणते, मी त्या पोराचं देणं भलत्याच माणसांना फेडत बसतो. ती असं म्हणते तेव्हा मला उत्तर देता येत नाही. पण कटलसवाला आजही इंजिनातून वेगळा आवाज आला की मला फोन करतो, आणि मी पहिल्या रिंगला उचलतो. तीन हजारांत हे मिळालं. यात नुकसान कुठलं ते मला कुणी पटवून द्यावं. इतक्या वर्षांत कुणाला जमलेलं नाही.

आता तुझा तो रोख पैसेवाला गिऱ्हाईक. पूर्ण रक्कम रोख देतो, टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, अर्धीच किंमत लिही म्हणतोय. मिशिगनमध्ये घेणाऱ्याला किमतीवर ६ टक्के कर भरावा लागतो, तो वाचवायचाय त्याला. सही मात्र तुझी लागणार. नाही म्हण, आणि कारणं देत बसू नकोस. कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेनेच काढलेला चेक, कुणी देऊ केला तर पार्किंगमध्ये घ्यायचा नाही. त्याच्याच बँकेत जा आणि खिडकीवर तुझ्यासमोर काढायला लाव. खोटे चेक अगदी खऱ्यासारखे दिसतात, आणि तो वटला नाही हे कळेपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात गेलेली असते. मग दोघं मिळून गाड्यांची नोंदणी होते त्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जा आणि टायटल तिथल्या तिथे त्याच्या नावावर करा. नंबर प्लेट काढून घे; इथे ती मालकाकडे राहते. ओडोमीटर पाच अंकी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. इतक्या जुन्या गाडीचे मैल जाहीर करायची सक्ती नाही, तरी खरे मैल माहीत नाहीत असं लिहून टाक. विचारायच्या आधी.

आणि मालिबू लिहिताना आवाज बारीक करू नकोस. तू ती गाडी चार वर्षं बांधलीस. वायरिंगची तार न् तार बदललीस, प्रत्येक बिल जपलंस, शेकडो फोटो आहेत. ज्याला गाडी रोज चालवायची असते तो मुद्दाम क्लोन शोधत येतो. अस्सल एसएस पावसात बाहेर काढायला त्याचा जीव होत नाही. असा माणूस येईल. कदाचित या महिन्यात नाही येणार. तुला घराच्या डाउन पेमेंटची घाई आहे हे मला समजतं. मलाही फीची घाई होती.

एक राहिलं. तुझं ३०७ अजून माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. मघाशी टॉर्च घेऊन पुन्हा पाहिलं, त्याच्या ब्लॉकवर तुझ्याच गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले आहेत. ते इंजिन गाडीबरोबर जायला हवं, आणि जाहिरातीतही यायला हवं. इंजिन उचलायचा होइस्ट तुझ्याकडे राहिलाय. शनिवारी सकाळी तो घेऊन ये, दोघं मिळून चढवू. कागदाचा कच्चा खर्डाही आण. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
काका