परस सजवा, पण कर्ज काढून नको

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रो-हाऊसच्या मागे २० बाय २५ फुटांची, पश्चिमेचं ऊन खाणारी मोकळी जागा आहे. तिथे सध्या माती, तण आणि कपड्यांची दोरी. ७६ वर्षांच्या सासूबाईंना संध्याकाळी तिथे बसता यावं, घरच्यांना मोकळ्या हवेत चहा घेता यावा, एवढी इच्छा. ठेकेदाराने ५ लाख ३० हजारांचा अंदाज दिला आहे. बँक ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी द्यायला तयार आहे. यजमानांच्या मते यामुळे घराची किंमतही वाढेल. दोघांचे मिळून महिन्याला १,०५,००० हातात येतात. त्यातून घरखर्च ५५,०००, गृहकर्जाचा हप्ता १९,००० आणि एसआयपी १२,००० जाते. मुदत ठेवी ८ लाखांच्या आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी असून फी वर्षाला १ लाख ६० हजार आहे.

ताई, जागा नक्की करा. सासूबाईंना रोज संध्याकाळी उघड्या आकाशाखाली बसायला मिळणं ही चैन नाही, तो घराचा योग्य खर्च आहे. पण हे कोटेशन आणि हे कर्ज, दोन्हीला माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

आधी कोटेशनच्या तळाची ओळ वाचा: ‘जीएसटी वेगळा’. १८ टक्क्यांनी ते ९५,४०० होतात, म्हणजे खरी रक्कम ६,२५,४००. पाच लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण ११,३७५ बसेल आणि पाच वर्षांत ६ लाख ८२ हजारांवर परतफेड होईल. वरचे १ लाख २५ हजार तुमच्याच खिशातून. एकूण परस ८ लाखांच्या पुढे जातो. तुमच्याकडे दरमहा १९,००० उरतात. त्यातले हप्ता गेल्यावर साडेसात हजार राहतील. एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला की एसआयपी थांबवावी लागेल.

मग ठेव मोडावी का? ती रक्कम मोकळी दिसते, पण मोकळी नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ७४,०००. सहा महिन्यांची गंगाजळी ४ लाख ४४ हजार. मुलीची दोन वर्षांची फी ३ लाख २० हजार. आठ लाखांतून हे बाजूला काढलं की ३६,००० उरतात. गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जात वाढीव रक्कम, घ्यायचा सल्लाही कुणीतरी देईल. व्याज कमी असतं हे खरं, पण मुदत लांबते. ५ लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५,०७१ चा, आणि व्याज ४ लाख १२ हजारांवर. बाहेरच्या सोफ्याच्या गाद्या तीन पावसाळ्यांत खराब होतील. हप्ता मात्र मुलीच्या लग्नानंतरही चालू असेल. वस्तू जितकी टिकते त्याहून लांब मुदतीचं कर्ज तिच्यासाठी कधीच घेऊ नये.

आता कोटेशनच्या आत पाहू. लाकडी डेक १,१५,०००, पर्गोला (खांबांवरचा उघड्या पट्ट्यांचा मांडव) १,२०,०००, कृत्रिम हिरवळ ३०,०००, पाण्याची भिंत ७५,०००, उभी बाग (भिंतीवर रांगांनी लावलेली रोपं) ६०,०००, सोफा ९०,०००, दिवे ४०,०००. पाण्याच्या निचऱ्यासाठी एक रुपयाही नाही! मला सर्वात जास्त खटकलं ते हेच. ५०० चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी साचतं, आणि गच्चीचा पाइप तिथेच सुटत असेल तर ते दुप्पट होऊ शकतं. उतार नसेल तर हे पाणी डेकखाली थांबतं. पाइन लाकूड फुगतं, फळ्या वाकतात, खालून वाळवी लागते. कृत्रिम हिरवळ पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलासुद्धा अनवाणी पाय टेकवत नाही. पाण्याच्या भिंतीचा पंप दोन-चार दिवस बंद राहिला की टाकीतल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. उभ्या बागेत ठिबकच्या नळ्या क्षारांनी तुंबतात आणि वरच्या रांगेतली रोपं आधी वाळतात. डेकला दरवर्षी तेल, बागेचा माळी, भिंतीची सफाई धरून माझ्या हिशेबाने वर्षाला ३५,००० देखभालीत जातील. हा आकडा कोटेशनमध्ये कधीच नसतो.

बसावंसं वाटणारा परस तीन गोष्टींनी होतो: कोरडी जमीन, सावली, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर बसायची जागा. चहाचा कप घेऊन वीस फूट चालावं लागलं तर तिथे कुणी रोज बसत नाही, हे अनेक घरांत दिसतं.

म्हणून काम दोन टप्प्यांत करा. जानेवारीपासून दरमहा १९,००० वेगळ्या खात्यात टाका. मे पर्यंत ९५,००० जमतील.

पहिला टप्पा पावसाच्या आत. जमिनीला घराकडून मागच्या कुंपणाकडे १०० ला १ असा उतार द्या. २५ फुटांत तो ३ इंच होतो. मुरूम ६-६ इंचांच्या थरांत टाकून पाणी मारून ठोकायचा. एकदम टाकलेला मुरूम पहिल्या पावसात बसतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. कडेला नाली, ४ इंची पाइप, जाळीचं चेंबर आणि टोकाला ३ बाय ३ बाय ५ फुटांचा शोषखड्डा. हा खड्डा घराच्या पायापासून किमान १० फूट लांब हवा. खोदताना काळी चिकट माती लागली तर शोषखड्डा भरून राहतो. अशा वेळी पाइप रस्त्याकडच्या पावसाळी गटाराला जोडा, सांडपाण्याच्या चेंबरला नाही. या सगळ्याला ४५,००० धरा. दाराजवळच्या फक्त १८० चौरस फुटांना खरखरीत शहाबादी फरशी, मजुरीसह १४० रुपयांनी २५,२००. पॉलिश केलेली घेऊ नका, सासूबाईंचा पाय ओल्यात घसरेल. धुताना ॲसिडही वापरू नका, शहाबादी चुनखडीचीच असल्याने ते तिचा पृष्ठभाग खातं. एक नळ, बाहेरचा वीजबिंदू आणि त्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) यांना १२,०००. बेरीज ८२,२००.

जूनमध्ये झाडं लावा, ८,००० पुरेत. पश्चिमेच्या कडेला चाफा आणि पारिजातक, दाराजवळ कढीपत्ता. लिंबाला काटे असतात, त्याला कोपऱ्यात जागा द्या. भिंतीपासून सहा फूट अंतर ठेवा. मग पावसाळाभर काही करू नका, फक्त बघा: पाणी कुठे थांबतं, ऊन कुठून येतं, तुम्ही आपसूक खुर्ची कुठे ओढता. हे चार महिने दुसऱ्या टप्प्यातल्या बऱ्याच चुका वाचवतात.

दिवाळीनंतर १२ बाय १० फुटांचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा, त्यावर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट किंवा बांबूची चटई, ४०,०००. काढता येणारी सावलीच घ्या. घरामागची जागा बहुधा सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमाने मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, मोडते; तिथे पक्कं छप्पर घालायचं तर आधी नगरपालिकेत विचारावं लागतं. काळ्या लोखंडी पाइपांना गंज चढतो, म्हणून जीआय, आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला झिंक प्रायमर. आठ फुटी कट्टा २२,०००. उंची १७-१८ इंच ठेवा. त्याहून बुटक्या कट्ट्यावरून म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागतं. एका टोकाला धरायला हँडल बसवून घ्या. झोपाळा २०,०००, पिवळसर उजेडाचे खाली तोंड केलेले दिवे १०,०००.

सगळं मिळून १,८२,२००. त्यावर १५ टक्के राखीव धरली की २ लाख १० हजारांच्या आसपास. नोव्हेंबरअखेर तुमच्या खात्यात २ लाख ९ हजार असतील. ठेवीला हात नाही, एसआयपी चालू, व्याज शून्य. हे दर माझ्या अंदाजाचे आहेत; तीन मिस्त्र्यांकडून लेखी दर घ्या आणि जीएसटी धरून विचारा.

यजमानांच्या मुद्द्याबद्दल. रो-हाऊस घेणारा माणूस जागा, बांधकाम, कागदपत्रं आणि रस्ता यांचे पैसे देतो. तुमच्या आवडीच्या सोफ्याचे आणि डेकचे तो देत नाही. फार तर घर थोडं लवकर विकलं जाईल. हा खर्च गुंतवणूक म्हणून नाही, राहण्यासाठी करा. तरीही नाली, फरशी, कट्टा यांसारख्या पक्क्या कामांची बिलं जपून ठेवा. पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात ती सुधारणेचा खर्च म्हणून मांडता येतात. रोपं, फर्निचर, शेडनेट त्यात येत नाहीत.

ठेकेदार ६० टक्के आगाऊ मागतो आहे, तेही मान्य करू नका. २० टक्के सुरुवातीला, पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे, आणि पहिल्या टप्प्याचे १० टक्के जूनमधले दोन मोठे पाऊस होईपर्यंत राखून ठेवा. हे करारात आधीच लिहून घ्या. पावसाच्या आधी बादलीभर पाणी दाराजवळ ओता. ते नालीपर्यंत न थांबता गेलं नाही, तर मिस्त्री साइटवर असतानाच फरशी उचलून पुन्हा बसवून घ्या.