टेम्पोवाल्याने आधी फिर्याद दिली, म्हणून चूक माझीच ठरते का?

नाही ठरत. पण स्वस्थ बसलात तर ठरेल.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या पुढे समोरून येणारा टेम्पो दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न घेत एकदम तुमच्या बाजूला घुसला आणि तुमची कार त्याच्या डाव्या बाजूवर आदळली. तुमचा हात मोडला, शेजारी बसलेल्या पत्नीच्या कपाळाला टाके पडले. तुम्ही दवाखान्यात असतानाच टेम्पोवाल्याने पोलिस ठाणं गाठून तुमच्याविरुद्ध ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ अशी फिर्याद दिली. आता त्याची विमा कंपनी तीच प्रत पुढे करून हात वर करते आहे. मी वकील आहे, बहुतेक अपघाताचेच दावे चालवतो. काही वर्षं विमा कंपनीच्या बाजूनेही उभा राहिलोय, त्यामुळे समोरून काय येणार याचा थोडा अंदाज असतो.

कंपनीच्या पत्राने घाबरू नका. ते त्यांचं म्हणणं आहे, निकाल नव्हे. चूक कोणाची हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. एफआयआर म्हणजे पोलिसांना मिळालेली पहिली खबर, आणि तुमच्या बाबतीत ती देणाराच संशयित आहे. सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा चामुंडेश्वरी निकाल तुमच्या वकिलांना वाचायला सांगा. त्यात पुढच्या व्हॅनने सिग्नल न देता उजवीकडे वळण घेतलं, मागची कार आदळली, कारचालक दगावला आणि गुन्हाही त्याच्यावरच नोंदला गेला. कारमध्ये बसलेल्या त्याच्या पत्नीने आणि आणखी एका साक्षीदाराने साक्ष दिली. न्यायालयाने म्हटलं की न्यायाधिकरणापुढे आलेला पुरावा एफआयआरच्या विरुद्ध जात असेल, तर वजन पुराव्याला द्यायचं.

शिवाय इथे फौजदारी खटल्यासारखं ‘निःसंशय’ सिद्ध करायचं नसतं. दोन्ही हकिकतींपैकी कोणती जास्त संभवनीय वाटते, एवढंच पाहिलं जातं. 2009 च्या बिमला देवी निकालापासून हे पुन्हा पुन्हा सांगून झालंय.

आता मुख्य गोष्ट. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत आजच मिळवा आणि शांतपणे वाचा. लोक एफआयआर दहादा वाचतात आणि पंचनामा नुसता फाइलला लावतात, उलट करायला हवं. फिर्याद एका माणसाने स्वतःच्या सोयीने सांगितलेली असते. पंचनाम्यात मात्र हवालदाराने टेप धरून (कधी नुसती पावलं मोजून) रस्त्यावर दिसलं ते लिहिलेलं असतं आणि त्याला त्यातला अर्थ लावायचा नसतो. माझ्याकडच्या एका प्रकरणात टेम्पोवाल्याची फिर्याद अशी होती की वळण पूर्ण करून गाडी डाव्या कडेला उभी होती, तेव्हा कारने येऊन ठोकर दिली. पंचनाम्यात एकच ओळ होती: दुभाजकापासून चार फुटांवर काचेचे तुकडे व मातीचा थर पडलेला दिसतो. धडकेच्या क्षणी मडगार्डखाली सुकून बसलेला चिखल जागच्या जागी गळतो, गाड्या मात्र पुढे सरकतात. काच थोडी उडते, माती फारशी उडत नाही. म्हणजे धडक दुभाजकालगत झाली होती, डाव्या कडेला नव्हे. तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत ती ओळ वाचून घेतली आणि ‘हे खरं आहे’ एवढं वदवून घेतलं. पंचांना बोलावून फार उपयोग नसतो. ते बहुधा जवळच्या टपरीवरचे असतात आणि सही कुठे केली एवढंच त्यांना आठवतं.

तुम्हीही हेच शोधा: रस्त्याची रुंदी, काच आणि माती कुठे, ब्रेकच्या खुणा किती लांब, कोणत्या गाडीचं तोंड कुठे. नकाशात दुभाजकाची फट दाखवली आहे का तेही पाहा, बऱ्याचदा ती राहून जाते. राहिली असेल तर स्वतः जाऊन फोटो काढा, पण किलोमीटरचा दगड किंवा विजेचा खांब फ्रेममध्ये येईल असे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याला घटनास्थळाचा नकाशा आणि वाहनांच्या यांत्रिक तपासणीचा अहवाल जोडलेला असतो. त्याच्या प्रती मिळणं हा तुमचा हक्क आहे.

यांत्रिक तपासणीचा अहवाल मन लावून वाचा, कारण कंपनी तिथेच बोट ठेवणार. ‘धडक देणारी गाडी तुमची, पुढचा भाग तुमचाच चेपलाय’ हा त्यांचा हुकमी मुद्दा. त्याला उत्तर टेम्पोच्या अंगावर आहे. मार केबिनला किंवा डाव्या पुढच्या चाकाजवळ लागला असेल, तर टेम्पो नुकताच फटीतून बाहेर पडला होता, तुमच्या हातात वेळच नव्हता. मार हौद्याच्या मागच्या टोकाला असेल तर खरं सांगतो, बाजू थोडी अवघड आहे. टेम्पो जवळजवळ पार झाला होता, मग तुम्हाला दिसला कसा नाही, हे ते विचारणारच. गणित साधं आहे. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-सव्वा सेकंद जातो, नंतर कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. म्हणजे एकूण 40 मीटरच्या आसपास. फटीतून तुमच्या लेनमध्ये यायला टेम्पोला दोन सेकंद लागले असतील, तर तो निघाला तेव्हा तुम्ही 33 मीटरवर होता. थांबणं शक्यच नव्हतं. मात्र तुमचा वेग 90 असेल तर हेच गणित तुमच्यावर उलटतं, तेव्हा वेगाबद्दल वकिलापाशी काही लपवू नका. यासाठी खासगी तज्ज्ञ नेमण्याचा सल्ला कोणी देईल. तुमच्या दुखापतीच्या दाव्यात तो खर्च मला तरी अनाठायी वाटतो.

सीसीटीव्हीचं काम मात्र उद्यावर ढकलू नका. ढाबा, पेट्रोल पंप, गोदामाचं गेट, जिथे कॅमेरा दिसेल तिथे जा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. पोलिसांना ‘अमुक ठिकाणचं, अमुक वेळेचं फुटेज ताब्यात घ्यावं’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मालक प्रत देत असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र त्याच्या सहीने घ्या. नुसता व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ कोर्टात अडकतो.

तुमची बाजू पोलिसांच्या दप्तरात आहे का? नसेल तर सविस्तर लेखी तक्रार द्या. एकाच घटनेची उलट हकिकत म्हणून ती नोंदवता येते. ठाण्यात घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 173(4) खाली पोलिस अधीक्षकांना पाठवा, तिथेही हाललं नाही तर दंडाधिकारी. दवाखान्याचे केस पेपरही तपासा. दाखल करताना ‘टेम्पोने धडक’ लिहिलंय की नुसतं ‘पडून मार’, यावरून मी दावे बुडताना पाहिलेत.

आणि एक सापळा. तुमच्यावर दोषारोपपत्र गेलं तर कोणीतरी हमखास सांगेल, ‘साहेब, गुन्हा कबूल करा, दंड भरा, तारखा वाचतील.’ कबूल करू नका. ती कबुली विमा कंपनीचा वकील दुसऱ्या दिवशी दाव्याच्या फाइलला लावतो.

साक्षीला स्वतः उभे राहा, पत्नीलाही उभं करा. कंपन्या लेखी उत्तरात ‘आमच्या चालकाची चूक नाही’ असं ठणकावून लिहितात, पण त्या चालकाला पिंजऱ्यात सहसा आणत नाहीत. शपथेवर हकिकत सांगणारे तुम्ही आणि पलीकडे रिकामा पिंजरा, असं झालं तर न्यायाधिकरण चालक न आल्याचा प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतं.

चूक शंभर टक्के एकाचीच निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. 2017 मध्ये कोइम्बतूरला एका कारने रस्त्यात अचानक ब्रेक मारला, मागचा मोटारसायकलवरचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष वाटला तो असा: कार 50 टक्के, बस 30, विद्यार्थी 20. मागून धडकलेल्याच्या वाट्याला सर्वात कमी. तुमच्या वाट्याला जी टक्केवारी येईल तेवढी भरपाई कापली जाईल. पत्नीचं तसं नाही. ती प्रवासी होती, तिची चूक शून्य, त्यामुळे 2015 च्या खेन्येई निकालानुसार थोडी चूक तुमची निघाली तरी ती पूर्ण रक्कम टेम्पोच्या विमा कंपनीकडूनही मागू शकते. म्हणून तिचा दावा वेगळा लावा. बरेच लोक हे विसरतात.

बाकी थोडक्यात. दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. दावा अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही लावता येतो. गाडीच्या दुरुस्तीसाठी या सगळ्याची वाट पाहू नका. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर तुमचीच कंपनी ते पैसे देते, त्यात चूक कोणाची हा प्रश्न येत नाही, नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जातो. पंचनामा आणि यांत्रिक तपासणीचा अहवाल हातात आला की टेम्पोला मार नेमका कुठे लागलाय ते इथे लिहा, मग टक्केवारीबद्दल काहीतरी सांगता येईल.